क्रशरवाल्यांची सून

आमच्या शाळेत इतिहासाला नवीन बाई येणार असं ठरलं, तेव्हा बाईंच्या आधी त्यांची गोष्टच स्टाफरूममध्ये येऊन पोचली.

"मैलूरच्या क्रशरवाल्यांची सून आहे," मुख्याध्यापक चहा ओतता ओतता म्हणाले. "रेवणसिद्धप्पांची. ठाऊक आहे ना? ड्रायव्हरच्या चुकीनं एक माणूस गाडीखाली गेला. दुसरा कुणी असता तर वकील लावून मोकळा झाला असता. ह्या माणसानं मेलेल्याची पोरगी स्वतःच्या मुलाला करून घेतली. हुंडा नाही, मानपान नाही."

मला ठाऊक होती. मी औराद तालुक्यातल्या चिंताकीची, बळीराम मास्तरांची मुलगी प्रेरणा. मराठी शिकवायला बीदरला येऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. तरी ही गोष्ट मी रिक्षावाल्याकडून ऐकली होती, घरमालकिणीकडून ऐकली होती, आणि एकदा तर एका लग्नात शेजारच्या ताटावरच्या अनोळखी बाईकडून. गावात कुणाच्या चांगुलपणाचा विषय निघाला की ही गोष्ट निघायचीच.

रेवणसिद्धप्पांचं वर येणं लोकांनी डोळ्यांदेखत पाहिलं होतं. त्यांचे वडील रस्त्याच्या कामावर हातोड्यानं खडी फोडायचे. ह्यांनी एक जुना टिप्पर घेतला, मग हुमनाबादच्या बाजूला दगडाची खाण आणि खडीचं क्रशर टाकलं, मग दुसरं क्रशर, मग सरकारी रस्त्यांची कंत्राटं. मैलूरला दोन मजली घर झालं. जिल्हा पंचायतीत निवडून आले. जत्रेच्या कमानीवर फोटो लागू लागला. मध्ये एक काळ असाही होता की लोक त्यांच्याबद्दल वाईट बोलायचे. क्रशरच्या धुळीनं कुणाची तूर गेली, कुणा मजुराचा हात पट्ट्यात सापडला, असं बरंच. त्या लग्नानंतर ते बोलणं बंद झालं. उरली ती एवढीच गोष्ट, की हा माणूस मनानं मोठा.

दानेश्वरी पहिल्या दिवशी सिटी बसनं आली. दारात गाडी असणारी सून बसनं आली ह्याचंही स्टाफरूमला कौतुक वाटलं. उंच, सावळी, केसांचा घट्ट अंबाडा. बोलणं कमी. वर्गात मात्र आवाज असा लागायचा की शेजारच्या वर्गातली माझी मुलं कवितेचं पुस्तक मिटून तिचा इतिहास ऐकत बसायची. डब्याला ज्वारीची भाकरी आणि शेंगाची चटणी. मधल्या सुट्टीत ती माझ्या बाकावर येऊन बसायला लागली आणि आम्ही एकमेकींच्या डब्यातलं खाऊ लागलो. मला एक गोष्ट लवकरच दिसली. कुणी पाहुणा येऊन "तुमच्या सासऱ्यांसारखी माणसं आता राहिली नाहीत" म्हणाला, की ही मान खाली घालून पिशवीत काहीतरी शोधू लागायची. सापडायचं काहीच नाही. पाहुणा विषय बदलेपर्यंत शोधतच राहायची.

तिनं मला तिचं सांगितलं ते नववीच्या मुलांना घेऊन आम्ही बरीदशाही कबरींच्या बागेत गेलो त्या दिवशी.

हिवाळ्याची सकाळ होती. अली बरीदच्या कबरीच्या चारी बाजू उघड्या, कमानींतून वारा आरपार वाहत होता. दानेश्वरी मुलांना त्या घराण्याची हकिगत सांगत होती. कासीम बरीद हा विकत आणलेला माणूस. कुणी त्याला तुर्क म्हणतं, कुणी जॉर्जियाकडचा. बहामनी सुलतानाच्या पदरी आला. अक्षर सुंदर, वाद्यं वाजवण्यात हात चांगला. एवढ्या भांडवलावर तो दरबारात शिरला, कोतवाल झाला, पुढे वजीर झाला, आणि सुलतान नावापुरता उरला. त्याचा मुलगा अमीर बरीद बापाच्या वरताण. एकामागून एक सुलतान गादीवर बसवायचा आणि राज्य स्वतः करायचा. शेजारचे राजे त्याला दख्खनचा कोल्हा म्हणायचे. नातू अलीनं पुढे उघडपणे शाह म्हणवून घेतलं आणि किल्ल्यातला रंगीन महाल शिंपल्यांच्या कामानं सजवला.

"म्हणजे चांगले होते का वाईट, मॅडम?" मागून एकानं विचारलं.

"महाल बघायला गेलेला माणूस चांगले म्हणतो," ती म्हणाली. मुलं हसली.

मग तिनं साबाजीचं सांगितलं. पैठण-चाकणच्या बाजूला मराठ्यांनी बंड केलं तेव्हा कासीम बरीद ते मोडायला गेला. लढाईत मराठ्यांचा पुढारी साबाजी मारला गेला. सुलतान खूश झाला आणि त्यानं साबाजीची मुलगी कासीमच्या मुलाला, ह्याच अमीर बरीदला देऊन टाकली. मुलीच्या नात्यातली शेकडो माणसं मग बरीदांच्या चाकरीला लागली. त्या माणसांच्या जोरावर घराणं आणखी वर चढलं.

पहिल्या रांगेतल्या एका मुलीनं हात वर केला. "मॅडम, त्या मुलीचं नाव काय?"

"मला कुठं सापडलं नाही."

"तिच्या वडलांना ज्यानं मारलं, त्याच्याच घरात?"

"हो."

"मग ती काही बोलली नाही का? आणि तिचे ते सगळे नातेवाईक?"

दानेश्वरी बोलता बोलता थांबली.  मुलांना वाटलं, मॅडम आठवतायत. मी पुढे झाले, मुलांना डबे खायला पिटाळलं आणि तिला धरून अमीर बरीदच्या कबरीकडे नेलं. ती कबर अर्धवटच राहिलेली आहे. तो दौलताबादला मेला, इकडे आणून पुरला, पण वर घुमट काही चढला नाही. आत ऊन येतं. तिथं पायरीवर ती बसली आणि मला म्हणाली, "प्रेरणा, जीप ड्रायव्हर चालवत न्हवता."

मग सगळं सांगितलं.

तिचे वडील सोमशेखर दुबलगुंडीला पिठाची गिरणी चालवायचे. दिवसभर भुवया पांढऱ्या. गिरणी सुरू असताना ते मोठमोठ्यानं शिवशरणांची वचनं म्हणायचे. पट्ट्याच्या आवाजात कुणाला काही ऐकू जायचं नाही, त्यामुळे त्यांना लाजायचं कारण नव्हतं. दानेश्वरी हुमनाबादला पीयूसी, म्हणजे बारावी, झाली तेव्हा गल्लीत त्यांनी स्वतः पेढे वाटले. "पोरगी बीए करणार, मास्तरीण होणार," असं गिऱ्हाइकांना सांगताना पीठ शेजारच्या डब्यात पडायचं. त्याच उन्हाळ्यात गिरणीचा पट्टा तुटला. नवा आणायला ते स्कूटरवर हुमनाबादला गेले. येताना फाट्याजवळ समोरून जीप आली.

फाट्यावर चन्नव्वा नावाची म्हातारी वांगी-मिरच्या विकत बसायची. तिनं पाहिलं. जीप स्वतः रेवणसिद्धप्पा चालवत होते, आणि धडक बसल्यावर जीप थांबली, थोडी मागं आली आणि निघून गेली. पोलिसांत मात्र ड्रायव्हर हजर झाला. चन्नव्वानं घरी येऊन लक्ष्मम्माला, म्हणजे दानेश्वरीच्या आईला, जे पाहिलं ते सांगितलं. भावकी जमली. केस करायची असं ठरतही आलं होतं.

तेवढ्यात रेवणसिद्धप्पा आले. एकटे, चपला रस्त्यावरच काढून. लक्ष्मम्मासमोर जमिनीवर बसले आणि म्हणाले, "गेलेला माणूस मला आणून देता येत न्हाई. तुमची लेक माझ्या घरात द्या. माझ्या किरणला. तुमचा पोरगा माझा पोरगा. तुमची जबाबदारी आजपास्नं माझी."

गावातल्या वडीलधाऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं. विधवा बाई, लग्नाची मुलगी, शाळेतला मुलगा. एवढं मोठं घर स्वतः चालत आलेलं. दानेश्वरीचा काका म्हणाला, "कोर्टात जाऊन काय सोमशेखर परत येणार हाय?" लक्ष्मम्मा पदर तोंडाला लावून रडत होती. ती हो म्हणाली की हुंदक्यानं नुसती मान हलली, हे दानेश्वरीला आतल्या खोलीतून कळलं नाही. बाहेर सगळ्यांना ते हो वाटलं.

"तुला कुणी विचारलं?" मी म्हटलं.

"काकानं इचारलं. म्हणला, तुला काय त्रास हाय का? मी काय सांगू? तेरावा दिवस बी झाला न्हवता."

लग्न झालं. आणि तिला छळणारं त्या घरात कुणी नव्हतं, हे ती मला पुन्हा पुन्हा सांगत होती, जणू तक्रारीला जागा नाही हे तिला स्वतःलाच पटवायचं होतं. सासू पार्वतम्मा साधी बाई, पहिल्या दिवशीच किल्ल्या हातात दिल्या. नवरा किरणकुमार अबोल, मऊ, तिच्या मागं-पुढं करणारा. रेवणसिद्धप्पांनी तिला बीए करू दिलं, एमए करू दिलं, बीएड करू दिलं. फी भरायला ते स्वतः कॉलेजात यायचे आणि प्राचार्यांना सांगायचे, "हिचा बाप गेला, मी बाप झालो." घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला तिला बाहेर बोलावून हेच वाक्य. पाहुणे माना डोलवायचे. निवडणुकीच्या सभेतही हे वाक्य व्हायचं, आणि ती मागं बायकांत बसलेली असायची.

तिचा भाऊ बसवेश कॉलेज सोडून क्रशरवर लागला. पुढे सगळे टिप्पर त्याच्याच हाताखाली आले. काका वजनकाट्यावर बसला. चुलतभाऊ खाणीवर. लक्ष्मम्माला मैलूरला घराच्या मागं दोन खोल्या मिळाल्या. गिरणी मोडीत गेली. दुबलगुंडीच्या त्या घरातला एकही माणूस असा राहिला नाही की ज्याचं जेवण रेवणसिद्धप्पांकडून येत नव्हतं.

"एकच गोष्ट मी केली न्हाई," ती म्हणाली. "माझ्या वडलांना मी अप्पा म्हणायची. ह्या घरात बी सगळे त्यांना अप्पाच म्हणतात. मी मामा म्हणायला लागले, तर ते म्हणले, मामा कामून म्हणायलीस, अप्पा म्हण. मला म्हणता आलं न्हाई. तवापास्नं मी त्यांना काहीच म्हणत न्हाई. समोर जाऊन उभी राहते, त्यांनी बघितलं की बोलते."

मुलं डबे आवरून हाका मारत होती. तिनं तोंड पुसलं आणि उठली. पुढची कबर दाखवताना तिचा आवाज पुन्हा नेहमीसारखा होता.

त्यानंतर बरीच वर्षं आम्ही त्यावर बोललो नाही. तिची मुलगी मल्लेश्वरी मोठी झाली, शिकायला कलबुर्गीला गेली. माझं लग्न झालं. रेवणसिद्धप्पांचं नाव वाढतच गेलं. मग ते पंचाहत्तर वर्षांचे झाले आणि गावानं त्यांचा सत्कार करायचं ठरवलं. समितीत बसवेश पुढं होता. तो बहिणीकडे आला आणि म्हणाला, "अक्का, घरातर्फे तू बोलायचं. तुझ्या तोंडून ऐकायचंय लोकांना."

 दोन दिवसांनी दुपारी, घरात सगळे आडवे झालेले असताना, ती सासऱ्यांच्या खोलीत गेली. हे तिनं मला नंतर सांगितलं. ते खुर्चीत बसून वर्तमानपत्र बघत होते. त्यांनी वर पाहीपर्यंत ती उभी राहिली.

"जीप कोण चालवत होतं?" तिनं विचारलं.

एवढ्या वर्षांत तिनं पहिल्यांदाच हे तोंडातून काढलं. त्यांना कळायला वेळ लागला नाही.

"मी," ते म्हणाले. "तुला म्हाईत हाय."

"व्हय."

"मग आज कामून इचारायलीस? मी तुला काय कमी केलं?"

"काहीच न्हाई."

"मग काय पायजे तुला, सांग."

"सत्काराच्या दिवशी माझ्या वडलांचं नाव घ्या. सोमशेखर म्हणा. आन् जीप मी चालवत होतो म्हणा. एवढंच. पुढं तुम्ही मला काय काय दिलं ते बी सांगा, मी न्हाई म्हणणार न्हाई."

रेवणसिद्धप्पांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग म्हणाले, "म्हणतो."

तिला वाटलं, खरंच म्हणतील. सत्काराच्या सकाळी ती मला स्टेजखाली भेटली तेव्हा तिचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता तसा होता. तिनं माझा हात दाबला आणि म्हणाली, "आज माझ्या वडलांचं नाव घेणार हायेत ते." मी तिच्यासाठी खूश झाले. कल्याणमंडप माणसांनी भरला होता. स्वामीजी आले होते, पुढारी आले होते, बाहेर टिप्परना फुलांच्या माळा घातल्या होत्या.

रेवणसिद्धप्पा बोलायला उभे राहिले. खडी फोडणाऱ्या वडलांचं सांगितलं, पहिल्या टिप्परचं सांगितलं. आवाज थकलेला, पण लोक कान देऊन ऐकत होते. मग ते थांबले. दानेश्वरी पुढच्या रांगेत होती, तिच्याकडे त्यांनी बघितलं. मी तिच्या मागंच होते. "माझ्या आयुष्यात एक दिवस आला," ते म्हणाले. पुन्हा थांबले. त्यांनी पाणी मागितलं आणि प्यायले. समोर एवढी माणसं, सगळे हसऱ्या तोंडानं पुढचं वाक्य ऐकायला तयार. आणि त्यांच्या तोंडून तेच वाक्य आलं. "हिचा बाप गेला, मी बाप झालो."

टाळ्या वाजल्या. दानेश्वरीचे खांदे एकदम खाली आले.

पुढचं नाव तिचंच पुकारलं. ती चढली. माइक तिच्या उंचीला बसवायला एकजण पुढे आला, त्याला तिनं हातानंच नको म्हटलं.

"माझ्या अप्पांचं नाव सोमशेखर," ती म्हणाली. "दुबलगुंडीला आमची पिठाची गिरणी होती. गिरणीचा पट्टा आणायला ते हुमनाबादला गेले होते. येताना ज्या जीपखाली ते गेले ती ड्रायव्हर चालवत नव्हता. रेवणसिद्धप्पा स्वतः चालवत होते. हे दुबलगुंडीत सगळ्यांना माहीत आहे. मला एवढंच बोलायचं होतं."

 बसवेश स्टेजच्या कडेला उभा होता, त्याचं तोंड पांढरं पडलं. पार्वतम्मा डोक्यावरचा पदर ओढून घेत होत्या. मला वाटलं, आता काहीतरी मोडणार.

निवेदकानं माइक घेतला. सराईत माणूस होता. एक क्षण थांबला, आणि मग भरलेल्या गळ्यानं म्हणाला, "बंधूंनो आणि भगिनींनो, ऐकलंत? स्वतःच्या हातून झालं म्हणून आयुष्यभर त्याची भरपाई करणारा हा माणूस! चूक कुणाच्या हातून होत नाही? पण चूक पदरात घेऊन तिला घरची लक्ष्मी करणारं मन कुठं सापडेल? आणि धन्य ती सून, जिनं आज सगळ्यांसमोर त्यांच्या मनावरचं ओझं उतरवलं!"

लोक उठून उभे राहिले. एवढा टाळ्यांचा आवाज मी त्या मंडपात कधी ऐकला नाही. माझ्या शेजारच्या बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. स्वामीजींनी हात वर करून आशीर्वाद दिला. कुणीतरी दानेश्वरीच्या गळ्यात सासऱ्यांच्या गळ्यातलाच हार काढून घातला. ती टाळ्या वाजवणाऱ्या माणसांकडे बघत राहिली. संध्याकाळपर्यंत तिच्या भाषणाचा व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला, आणि त्याच्याखाली रेवणसिद्धप्पांना लोक हात जोडत होते.

घरी परतताना गाडीत ती आणि किरणकुमार दोघंच होते. मैलूरच्या वळणावर त्यानं गाडी बाजूला घेतली. इंजिन बंद केलं. स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत.

"मी बी होतो जीपमधे," तो म्हणाला. "मागच्या सीटवर."

तिनं त्याच्याकडे मान वळवली.

"तुझे अप्पा हलत होते. मी म्हणलो, दवाखान्यात नेऊ. आमचे अप्पा म्हणले, बस गप. मी उतरलो न्हाई. तुला बघायला आलो तवा सांगणार होतो. मग लग्नात. मग मल्लेश्वरी झाली तवा. दरवेळी वाटलं, आता सांगितलं तर तू जाशील."

त्या घरात एकच माणूस तिनं आपला मानला होता. बाकीच्यांचं सगळं ती सोसत आली ती त्याच्याकडे बघून. ती गाडीतून उतरली, रिक्षा केली आणि माझ्याकडे आली. गळ्यातला हार तसाच होता. मी काढून घेतला तेव्हा तिला कळलं की तो आहे.

पुढं तिनं शाळेमागच्या गल्लीत दोन खोल्या घेतल्या. बसवेश एकदा आला, दारातच उभा राहिला. "एवढी वर्षं खाल्लंस त्यांचं," तो म्हणाला, "आन् आमचं काय व्हईल त्याचा विचार न्हाई केलास." ती म्हणाली, "तुझे बी अप्पा होते ते." तो गेला आणि पुन्हा आला नाही. खरं तर त्याचं काहीच बिघडलं नव्हतं, टिप्पर त्याच्याकडेच राहिले. लक्ष्मम्मा शाळेच्या फाटकाशी येऊन मुलीला भेटायची. "कामून बोललीस गं?" एवढं विचारून रडायची. एकदा रडता रडताच म्हणाली, "लई वर्षांनी त्यांचं नाव कुणीतरी मोठ्यानं घेतलं." मग पदरानं तोंड झाकून निघून गेली. दोघी मायलेकींचं त्याबद्दलचं बोलणं तेवढंच. त्या पावसाळ्यात लक्ष्मम्मा वारली. बसवेशनं बहिणीला कळवलं, पण माती झाल्यावर.

मल्लेश्वरी कलबुर्गीहून आली. अज्जांची, म्हणजे आजोबांची, लाडकी होती ती. आईजवळ बसून तिनं सगळं पुन्हा एकदा विचारलं, मग म्हणाली, "मला अज्जांचा राग येत नाही गं मम्मी. यायला पाहिजे ना?" दानेश्वरी तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली. "तुला नको येऊ दे," ती म्हणाली.

वर्ष सरत आलं तेव्हा पार्वतम्मांचा निरोप आला. रेवणसिद्धप्पा अंथरुणाला खिळले होते आणि तिला बघायचं म्हणत होते. जाऊ का, असं तिनं मला विचारलं. मी म्हटलं, तुला वाटलं तर जा. मी तिच्याबरोबर गेले आणि बाहेरच्या खोलीत बसले. दार उघडंच होतं.

ते अगदी वाळले होते. तिला बघून त्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं.

"तू खरं बोललीस," ते म्हणाले. "तरी लोकांनी टाळ्याच वाजवल्या. मला वाटलं होतं, आता तरी कुणी दगड मारंल. स्वामीजींना सांगितलं, ते म्हणले, तुम्ही मोठे हाव. पोलिसातल्या साहेबाला सांगितलं, त्यानं पाय धरले माझे. आता मी कुणाला सांगू?"

"मला सांगा," दानेश्वरी म्हणाली. "ते हलत होते का?"

खाट कुरकुरली.

"व्हय."

"काय करत होते?"

"हातानं रस्त्यावर चाचपायलते. पट्टा हुडकायलते, नवा. लांब जाऊन पडलता." मग ते रडायला लागले, म्हाताऱ्या माणसाचं कोरडं रडणं. "दवाखाना जवळ होता गं. मी भ्यालो. तवा निवडणूक होती."

मला वाटलं, ती आता उठून येईल. ती उठली नाही. भांड्यात गंजी होती, तांदळाची पातळ पेज, ती तिनं चमच्यानं त्यांना भरवली. त्यांचं तोंड पुसलं. क्षमा केली असं ती म्हणाली नाही, त्यांनीही मागितली नाही.  परतताना शाळेजवळ आल्यावर ती एवढंच म्हणाली, "वाचले असते ते."

रेवणसिद्धप्पा गेले तेव्हा बाजार बंद राहिला. मातीला दूरदूरच्या गावांहून माणसं आली. गावात जागोजागी लागलेल्या फलकांवर त्यांच्या फोटोखाली कुणीतरी लिहिलं होतं, 'शत्रूच्याही लेकीला लेक मानणारे'. सोमशेखर त्यांचे शत्रू कधी झाले, हे वाचून मला समजेना. शाळेच्या कोपऱ्यावर तसाच एक फलक होता, दानेश्वरी रोज तो बघत शाळेत येत होती. वाऱ्यापावसानं तो फाटेपर्यंत कुणी काढला नाही.

आता ती तिथंच राहते, दोन खोल्यांत. नववीला अजून बरीदशाही शिकवते. मुलांना घेऊन त्या बागेत मात्र ती जात नाही, त्या दिवशी मी जाते.

किरणकुमार रविवारी येतो. पिशवीत भाजी, कधी सीताफळं. पिशवी दाराशी ठेवून तो समोरच्या कट्ट्यावर बसतो, कुणी ओळखीचं दिसलं तर मान खाली घालतो, आणि ऊन चढलं की उठून जातो. मागच्या रविवारी मी तिच्याकडे होते. ऊन नेहमीपेक्षा कडक होतं. तिनं चहा ठेवला, दोन कप काढले, मग थांबून तिसरा काढला. दाराशी जाऊन म्हणाली, "आत येऊन बस. बोलू नको काही."

तो आत आला. भिंतीशी बसला. आम्ही तिघांनी चहा घेतला. बाहेर कुणाच्या तरी घरी टीव्ही लागला होता. कप खाली ठेवून तो निघाला, तेव्हा तिनं भाजी काढून घेतली आणि रिकामी पिशवी घडी करून त्याच्या हातात दिली.